खांबावरची काचपट्टी

त्या रविवारी पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या आणि सगळी सोसायटी एका खांबाकडे टक लावून बसली होती. महाराजांनी खांबाला कान लावला, डोळे मिटले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "शांत झालाय. आता कण्हत नाही." दोघीतिघींनी डोळे पुसले. जिन्यातला दिवा ज्यांनी कधी वेळेवर बदलला नाही, त्या सेक्रेटरींनी खांबाला वाकून नमस्कार केला. तळमजल्यावरच्या बाईंना हसावं की रडावं तेच कळेना.

बाई म्हणजे विज्ञानाच्या निवृत्त शिक्षिका. हा खांब त्यांच्या खोलीच्या खिडकीला लागून होता आणि खिडकीखाली त्यांच्या थोरल्या बहिणीची खाट होती. ताई अंथरुणाला खिळलेल्या. दुसरं घर घ्यायची ऐपत नाही, ताईंना ठेवून घेईल असं नात्यात कुणी उरलेलं नाही. खांब सावरला तर त्या दोघी सुरक्षित, नाहीतर नाही, इतका सरळ मामला होता.

भेग बरेच दिवस रुंदावत होती. कंत्राटदाराने दुरुस्तीचा खर्च सांगितला आणि सभेत रण माजलं. वरचे म्हणाले, खांब खाली आहे, खालच्यांनी भरावं. खालचे म्हणाले, ओझं वरच्यांचं आहे, वरच्यांनी भरावं. मधले म्हणाले, आम्ही ना वरचे ना खालचे, आम्हाला वगळा. अशा ऐन वेळी कुणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीने महाराज अवतरले. "वास्तू रुसली आहे," ते म्हणाले. "रुसलेल्याला सिमेंट नको, माया हवी." मग त्यांनी करड्या रंगाचा मंतरलेला लेप भेगेवर चोपडला. लेप तडकला नाही तर खांब बरा झाला, अशी त्यांची खूण होती. त्यांचं मानधन कंत्राटदाराच्या मानाने किरकोळ असल्यामुळे श्रद्धा बसायला कुणाला वेळ लागला नाही.

आणि लेप खरंच तडकला नाही. आठवडे गेले, केसाएवढाही तडा नाही. दुरुस्तीचा विषय सभेतून गेला तो गेलाच. फक्त ताईंच्या खिडकीची कडी लागेनाशी झाली. चौकट तिरकी झाली होती.

बाईंनी कपाटातून शाळेच्या दिवसांतली सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी काढली. खांबाच्या मागच्या अंगाला भेग उघडीच होती. तिच्यावर पट्टी आडवी धरून दोन्ही टोकं त्यांनी प्लास्टरने पक्की बसवली. काच ताणली जात नाही. भेग हलली तर काच फुटणार. चार दिवसांत ती मधोमध फुटली. बाईंनी ताईंची खाट खिडकीपासून जराशी सरकवली आणि रविवारची वाट पाहिली.

महाराजांचं कान लावणं आटोपल्यावर बाई उठल्या आणि सगळ्यांना खांबामागे घेऊन गेल्या. फुटकी काच पाहून महाराज गोड हसले. "काचेत खोट असेल, माताजी. किंवा मनात." सगळे हसले.

बाईंनी पुढच्या अंगाला येऊन लेपाची कड नखाने उचकटली आणि ओढली. लेप हातभर लांब ताणला गेला, सोडल्यावर चट्कन आखडला. खालच्या भेगेत आता बोटाचं पेर सहज जात होतं.

"हे सिलिकॉन आहे," बाई म्हणाल्या. "खिडक्यांच्या काचा बसवायला वापरतात. सिमेंटची पूड मिसळली की करडं दिसतं. हे रबरासारखं ताणलं जातं. उद्या खांब दुभंगला तरी लेप तडकणार नाही."

महाराजांना तेवढ्यात दुसरीकडची एक रुसलेली वास्तू आठवली आणि ते निघाले. कुणी अडवलं नाही. बाईंना वाटलं, आपण जिंकलो. मग मागून कुणीतरी विचारलं, "म्हणजे पुन्हा वर्गणी?" आणि वरचे, खालचे, मधले आपापल्या जुन्या जागी जाऊन भांडायला लागले.

दोन दिवसांनी बाई भाजी घेऊन परतल्या तर खांबाशी सेक्रेटरी उभे. हातात दुकानातून आणलेली सिलिकॉनची नळी, भेग दोन्ही अंगांनी गुळगुळीत बुजवलेली, काचपट्टी काढून टाकलेली.

"बाई, तुमचंच खरं," ते अजिजीने म्हणाले. "पण लोक घाबरतात हो. आणि हे महाराजांपेक्षा स्वस्त पडलं."

बाईंना आयुष्यात इतकं हरल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. लबाडाची लबाडी उघडी पाडता येते. ज्यांना ती कळूनही हवी असते, त्यांना काय शिकवायचं? तरी त्यांनी बुजवलेल्या भेगेवर दुसरी काचपट्टी बसवली आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगितलं, "महाराजांवर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही नको. जाता-येता या काचेकडे बघा आणि स्वतः ठरवा." लोक मान डोलवत, घड्याळाकडे बघत पुढे जात. काही दिवसांनी तर बरेच जण खांबाच्या पलीकडून जायला लागले.

तीही फुटली. तिसरीही फुटली. दर वेळी बाई आत येऊन खाट थोडी सरकवत. तिसऱ्या वेळी ताईंनी विचारलं, "अजून किती सरकवणार आहेस गं?"

"झालं ताई," बाई म्हणाल्या. "पलीकडची भिंत आली."