शेव्हरोलेची नळी

"तुकडो तुकडो परत जाय माका," सगुणने बजावलं; तुकडान् तुकडा त्याला परत हवा होता. "कापलेलं रबर बी."

बाबुरावने हातातली नळी टेबलावर ठेवली. "रबर घेऊन काय करणार मामा? कुजलंय ते."

"काय बी करीन. परत जाय."

बाबुरावचं दुकान डिचोलीत, मुळगावच्या वाटेवर. खाणीवरच्या ट्रकांच्या आणि लोडरांच्या तेलाच्या नळ्या तो बनवून द्यायचा. सगुण दारातच स्टूल ओढून असा बसला होता की बाबुरावला बाहेर पडायचं तर त्याला ओलांडूनच जावं लागलं असतं. सगुण एका खाणमालकाच्या घरचा ड्रायव्हर. पोर्तुगीज अमदानीत मुरगावच्या धक्क्यावर उतरलेली शेव्हरोले त्यानेच चालवत डिचोलीला आणली आणि त्यानंतर तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. मेकॅनिकने बॉनेट उघडलं की हा शेजारी पहाऱ्याला उभा. सगुण बायकोला एकटी माहेरी पाठवील, पण गाडीला एकटी गॅरेजात सोडणार नाही, असं थोरले मालक थट्टेने म्हणायचे.

त्या गाडीचं स्टिअरिंग तेलाच्या दाबाने फिरायचं, एका बोटाने फिरवलं तरी. सगुण मात्र ते कायम दोन्ही हातांनी धरायचा. एवढ्या गाडीचा काही मान ठेवावा की नाही?

पण शिगम्यापासून स्टिअरिंग जड लागायला लागलं. सगुणने आधी टायरांवर संशय घेतला, मग तेलावर, मग थेट धाकट्या मालकांवर, कृष्णनाथबाबांवर. थोरले मालक वारल्यापासून त्यांच्या मनात गाडी विकायचं होतं. त्यांनीच काहीतरी ढिलं करून ठेवलं असणार, असं तो रोज सकाळी बायकोला सांगायचा. प्रभावती त्याच्या शर्टाची बटणं लावता लावता ऐकून घ्यायची. हल्ली बटणं तीच लावत असे.

शेवटी स्टिअरिंगच्या पंपाकडून येणाऱ्या नळीवर त्याला तेलाचा ओलावा दिसला. चोर सापडला म्हणून सगुण खूश झाला आणि मालकांना जाऊन म्हणाला, नळी गेली. इथेच त्याने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. कृष्णनाथबाब म्हणाले, असली नळी आता मिळणार कुठे? गणपतीच्या चवथीपर्यंत गाडी ठीक झाली तर ठेवू. नाहीतर म्हापशाचा एक हॉटेलवाला दारात शोभेला ठेवायला मागतोय, त्याला देऊन टाकू. शोभेला! त्या दिवशी सगुणला जेवण गेलं नाही.

म्हणून तो बाबुरावकडे आला होता, आणि येताना संशय बरोबर घेऊनच आला होता. बाबुराव चंदगडकडचा. इतकी वर्षं इथे राहूनही सगुणच्या लेखी तो भायलोच, बाहेरचाच. गोव्याचं राज्य व्हायच्या आधी राजभाषेचं भांडण पेटलं, तेव्हा सगुण मराठीच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडला होता. पण तीच मराठी घाट उतरून दुकान थाटून बसली, की तिच्यावर नजर ठेवायला हवी असं त्याचं मत.

नळीच्या दोन्ही टोकांना वाकडे लोखंडी पाईप होते, आणि तसले आता शोधूनही मिळत नव्हते. बाबुराव ते बदलून ठेवील या भीतीने सगुणने दोन्ही नटांवर घरीच कानशीने बारीक चीर पाडून आणली होती.

बाबुरावने जुन्या नळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत खडूने सरळ रेघ ओढली.

"ही कित्याक?"

"कुठलं टोक कुठल्या तोंडानं हाय ते कळाय नको? रेघ चुकली तर नळी पीळ खाती. आन पीळ खाल्लेली नळी टिकत न्हाई."

सगुण उठला. वाकून रेघ नीट बघितली आणि मगच म्हणाला, "काप."

करवत चालली. जुने पाईप सुटले. बाबुरावने ते घासले, तारेची जाळी असलेल्या नव्या नळीत खडूच्या रेघेबरहुकूम बसवले, वरून नवी लोखंडी टोपणं चढवली आणि प्रेसमध्ये दाबली.

"तुमच्या चिरा वरच्या अंगाला ठेवल्यात मामा," मान वर न करता तो म्हणाला. "बसवताना दिसतील."

सगुणचे कान तापले. तरी त्याने दोन्ही चिरा बघून घेतल्याच.

दुकानापुढच्या अंगणात उभ्या गाडीला नळी बसली. तेल भरलं. इंजिन चालू झालं. बाबुरावने दाब तपासला. "भरपूर हाय. फिरवा आता."

सगुणने स्टिअरिंग फिरवलं. जड. अगदी पहिल्यासारखं जड. "फटयलंस माका," तो म्हणाला. "कांय फरक ना."

आता संशय घ्यायची पाळी बाबुरावची. "नळी तेवढी माझी मामा. घरनं दुसरं काय मोडून आणलासा, ते मला काय ठाव?" त्याने खिडकीतून हात घातला आणि एका बोटाने स्टिअरिंग पार डावीकडे नेलं, पार उजवीकडे आणलं. खाली चाकं खडीवर करकरत वळली. "हे जड?"

सगुणने त्याचा हात झटकून स्टिअरिंग पुन्हा धरलं. या वेळी बाबुराव चाकांकडे बघत नव्हता. सगुणचा डावा हात वर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"खांदा कवापासनं धरलाय?"

"शिगम्यापासून," सगुण बोलून गेला, आणि मग त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं.

तेवढ्यात रस्त्यावर कृष्णनाथबाबांची जीप थांबली. बाबुराव खिडकीत वाकला. "पंपच गेलाय म्हणून सांगतो मालकांना. तुमच्यावर काय येणार न्हाई."

सगुणने त्याच्याकडे पाहिलं. भायलो माणूस त्याच्यासाठी खोटं बोलायला तयार होता, आणि त्यात कुठेही काळंबेरं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी नाव शाबूत राहणार होतं. गाडी मात्र म्हापशाला हॉटेलच्या दारात, फुलांच्या कुंड्यांमध्ये उभी राहिली असती.

"गाडयेर फट घालूं नाका," तो म्हणाला. गाडीच्या नावावर खोटं त्याला नको होतं.

कृष्णनाथबाब जवळ आले. "जालें काय, सगुण?"

"जालें, बाब. बसून पळयात," सगुणने स्टिअरिंगकडे बोट केलं.

"हांव?" कृष्णनाथबाबांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "तूं आसताना?"

"माजो हात वयर जायना आतां." सगुण दार उघडून खाली उतरला. "गाडयेक कांय एक जावंक ना. विकूं नाकात."

कृष्णनाथबाबांनी त्याच्या खांद्याकडे बघितलं. मग दार धरून आत, स्टिअरिंगपुढे बसले. सगुण गाडीला वळसा घालून गेला आणि शेजारच्या सीटवर बसला. तिथून बॉनेट निराळंच दिसत होतं.

बाबुराव धावत आला. हातात कागदाची पुडी. "मामा, तुमचं रबर."

सगुणने डाव्या हाताने पुडी घेतली आणि मांडीवर ठेवली.

गाडी मुळगावच्या वाटेवरून बाजाराकडे वळली. कृष्णनाथबाबांनी स्टिअरिंग एका बोटाने फिरवून बघितलं आणि हसले. "कितलें हलकें रे!"

सगुण समोर रस्त्याकडे बघत होता.

"दोनूय हात धरात, बाब," तो म्हणाला.