महिन्याचं इंजेक्शन

"लहानपणी हिचे सांधे कधी सुजले होते का?" धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तर माझी विहीण सुंदरबाई भिंतीकडे बघत बसली. आत खाटेवर माझी सून मंजुळा नाकाला नळी लावून धापा टाकत होती. ओठ निळे पडलेले.

"बोला ना वो बाई! मिठाची गुळणी धरली का तोंडात?" मी ओरडले.

डॉक्टरीणबाईंनी मला दटावलं. "घशात जंतू शिरले की अंगातले राखणदार धावून जातात. हिचे राखणदार चोर ओळखायला चुकतात आणि सांध्यांना, हृदयाच्या झडपेलाच झोडपतात. हे आज पहिल्यांदा झालंय की जुनं आहे, ते मला आत्ता कळलं पाहिजे. औषध त्यावर ठरेल."

सुंदरबाईला रडू फुटलं. "जुनं शे. शाळेत होती तवयपासून. महिन्याच्या महिन्याला इंजेक्शन घ्यायची."

"लग्नानंतर?"

"दोंडाईच्याला माझ्याकडे येऊन घ्यायची. मग ह्या विहीणबाईंनी पाठवणंच बंद केलं."

आमच्या नरडाण्याहून दर महिन्याला गाडीत बसून माहेरी पळणारी सून मला खपत नव्हती. गावातल्या साऱ्या बठ्ठ्या सुना माहेरी जायला आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, वाट बघतात, ही कोण लागून गेली? "आता आखाजीलाच जायचं," असा दिवाळीनंतर मीच दम दिला होता. पोरगी गप्प राहिली. घसा धरला, ताप आला, तरी गप्पच. आईनंच तोंड शिवून पाठवलेली!

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर सून करून घेतली असती?"

खोटं कशाला बोलू? "नसती घेतली."

तेवढ्यात आतून नर्सनं हाक मारली. डॉक्टरीणबाई धावल्या, पडदा ओढला गेला. आम्ही दोघी बाहेर, एकमेकींकडे न बघता. आतली धाप ऐकू येत होती तोवर जीव थाऱ्यावर होता. मधेच ती ऐकू येईना, तेव्हा मी देवीला नवस बोलले.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "धाप उतरतेय. धोका टळलेला नाही. अन् घशातले जंतू रोखणारं ते इंजेक्शन आता वर्षानुवर्षं चुकता कामा नये. कोण आणणार हिला?"

सुंदरबाईनं पिशवी उचलली. "मी लई जास मनी पोर दोंडाईच्याला. ह्यांच्या घरात आता तिला कोण ठेवील?"

"ठेवा ती पिशवी खाली! सून माझी आहे. माझ्याच घरी राहील, अन् इंजेक्शनला मीच आणीन."

सुंदरबाई माझ्या पायाशी वाकली, तसा मला जास्तच राग आला.

"पाय कसले धरता? हात धरा माझा. मला उभं राहवत नाहीये."