चार जणांची चकमक

वजनमापं तपासण्याच्या नोकरीत बावीस वर्षं काढलेल्या माणसाचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. दुकानदार हसून चहा विचारायला लागला की निरीक्षक आधी पारड्याच्या तळाशी बोट फिरवून पाहायचा. कचेरीत त्याचा दबदबा होता. घरी मात्र या स्वभावाचा सगळ्यांना वैताग होता, आणि बायको म्हणायची, हे देवदर्शनालाही देवाचं ओळखपत्र मागतील.

दर रविवारी दुपारी दोघं त्याच्या सासुरवाडीला जात. तिथं जेवणाच्या टेबलावर एक खेळ चाले. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि मनातल्या मनात जंगलं, भुयारं तुडवत राक्षसांशी लढायचं. निरीक्षक ढाल-तलवारीचा योद्धा होता. बायको मांत्रिक. सासूबाई एकाहत्तरीच्या आणि चोर. चोऱ्याही अगदी मन लावून करायच्या. खेळ चालवायचा बायकोचा भाऊ. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. समोर पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून, त्यामागच्या वहीत पाहत तो राक्षस सोडायचा. कोणत्या राक्षसात किती जीव, तो किती जोरानं मारणार, सोबत किती पिलावळ, हे सगळं त्यानं आधीच बेतलेलं असे. त्याचं म्हणणं असं, की खेळणाऱ्यांची पाचावर धारण बसली पाहिजे, पण कुणी मरता कामा नये. ती मधली रेघ सापडणं हीच खरी कला.

निरीक्षकाला शंका आली ती मगरमाणसांवरून. दलदलीत दोन मगरमाणसं निघाली. मास्तरनंच सांगितलं, दोघं जुळे. पहिला शेहेचाळीस घाव सोसून मेला. दुसरा एकतिसाव्यालाच आडवा. एका आईची लेकरं आणि पंधरा जीवांचा फरक? टेबलाखाली गुडघ्यावर चिठ्ठी धरून निरीक्षकानं दोन्ही आकडे टिपून ठेवले.

मग पाच रविवार तो टिपत राहिला. आधी संशय सासूबाईंवर गेला, कारण मास्तर आईचा लाडका. मग बायकोवर, मास्तर ताईच्या शब्दाबाहेर नव्हता. पण चिठ्ठ्या एकाखाली एक लावल्या तेव्हा निराळंच दिसलं. नऊपैकी सात राक्षस अवेळी मेले होते, आणि सातही वेळा त्याचा स्वतःचा योद्धा मरणाच्या दारात होता. झुकतं माप त्यालाच मिळत होतं. निरीक्षकाचं डोकं फिरलं. कमी मापाचा त्याला राग होताच, पण जास्त मापाचा त्याहून अधिक. जास्त देणारा उद्या काय मागेल याचा भरवसा नसतो.

पुढच्या रविवारी मास्तर पाणी आणायला आत गेला, सासूबाई आणि बायको गच्चीवर कपडे काढायला. निरीक्षक उठला आणि आडोशामागची वही त्यानं स्वतःकडे फिरवली. पानावर वरती लिहिलं होतं, ‘चार जण’. खाली चौघांची ताकद मांडली होती: ढाल, मंत्र, चोर, धनुर्धर. त्यानं मागची पानं उलटली. चौदा महिन्यांची प्रत्येक चकमक चार जणांसाठी बेतलेली होती.

धनुर्धर म्हणजे धाकटा, मास्तरच्या पाठचा भाऊ. चौदा महिन्यांपूर्वीपर्यंत तोही खेळायचा, आणि वीस बाजूंच्या फाशावर त्याला वीसचं दान फार पडायचं. निरीक्षकानं त्याचा फासा गुपचूप घरी नेला, मिठाच्या पाण्यात तरंगवला, तर बारापैकी अकरा वेळा वीसच वर, म्हणजे ती बाजू हलकी. पुढच्या रविवारी त्यानं सगळ्यांसमोर ग्लास मांडून ते करून दाखवलं. धाकटा पांढराफटक पडला, उठला आणि गेला. तो परत आलाच नाही.

‘‘वाचलीत?’’ मास्तर तांब्या घेऊन दारात उभा होता.

‘‘आपण तिघं खेळतो. बेत चौघांचा आहे.’’

‘‘हो. म्हणून राक्षसाला मधेच आवरतं घ्यावं लागतं. पुढे तुम्ही उभे राहता. मागून बाण मारणारा कुणी नाही, मग सगळा मार तुमच्याच अंगावर येतो.’’

‘‘मग तिघांचा बेत कर की.’’

मास्तरनं तांब्या ठेवला. ‘‘दर आठवड्याला करायला बसतो, भावोजी. मग वाटतं, उद्या आलाच तर?’’

परतताना निरीक्षकानं बायकोला सगळं सांगितलं. वर हेही बोलून दाखवलं, की वही मुद्दाम उघडी ठेवली असावी, त्याला माफी मागायला लावायचा हा डाव असावा. ‘‘फाशात खोट होती, कबूल,’’ बायको म्हणाली. ‘‘माणसात होती का, हे तुम्ही विचारलंत कधी?’’

हे त्याला लागलं. बुधवारी कचेरीतून सुटल्यावर तो धाकट्याच्या दुकानात गेला. धाकटा चष्मे बनवायचा. चाकावर काच घासत बसला होता. त्यानं मान वर केली नाही, पण स्टूल पायानं पुढे सरकवलं. निरीक्षकानं घसा खाकरला आणि विचारलं, की फासा वाकडा आहे हे त्याला ठाऊक होतं का.

‘‘नव्हतं,’’ धाकटा म्हणाला. ‘‘तो मला दादानं वाढदिवसाला दिला होता. तो त्यानं स्वतः साच्यात ओतला होता.’’

‘‘मग त्याच वेळी बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो असतो तर तुम्ही ग्लास घेऊन त्याच्याकडे वळला असतात.’’ त्यानं काच उजेडात धरून पाहिली. ‘‘तुमचा राग मी कधीच सोडला, भावोजी. तुमचा स्वभावच तो. पण दादा समोर बसला होता. एक शब्द बोलला नाही.’’

निरीक्षकाच्या हाताला इतका भक्कम पुरावा आजवर लागला नव्हता. रविवारी टेबलावर नुसता ठेवायचा, की मास्तरची बोलती बंद. बसमध्ये तो तेच घोळवत होता. ओतताना फाशात राहिलेला हवेचा बुडबुडा मास्तरला आधीपासून माहीत असेल का? भावाला जिंकवायला त्यानंच तो ठेवला असेल का? थांब्यामागून थांबे गेले, शंका काही उतरेना.

पण रविवारी तो लवकर पोचला आणि मास्तरला जिन्यात गाठून हळूच म्हणाला, ‘‘मी दुकानात जाऊन आलो. पण तो वाट तुझी बघतोय.’’

मास्तरचा चेहरा उतरला. ‘‘त्यानं सांगितलं?’’

‘‘मला काही ऐकायचं नाही. तू जा.’’

त्या रविवारी खेळ झाला नाही. मास्तर चपला घालून तडक निघाला आणि दिवेलागणीला परत आला. दुकानात काय बोलणं झालं ते दोघांनी कुणाला सांगितलं नाही. निरीक्षकाचा जीव नुसता टांगणीला लागला होता. बायकोनं पैज लावली होती, की त्याला आठ दिवससुद्धा दम निघणार नाही. त्यानं ओठ आवळून तीन आठवडे काढले.

चौथ्या रविवारी धाकटा आला. सासूबाईंनी त्याला आधी पोटभर बोलून घेतलं, मग जवळ बसवलं. निरीक्षकाशी तो जेवढ्यास तेवढं बोलला, आणि पुढेही त्यांच्यात तसंच राहिलं. चकमक एका आंधळ्या अजगराशी होती. मास्तरनं या वेळी काही आवरलं नाही. बाण सुटत होते, मंत्र चालत होते, आणि चौघांना घाम फुटला. अजगर मेला, पण त्याच्या शेवटच्या तडाख्यात योद्धाही गेला. निरीक्षकानं आपला कागद दोनदा वाचला. जीव शून्य. बायकोनं तोंडाला पदर लावला. सासूबाई म्हणाल्या, फार चांगला होता बिचारा, आणि लगेच विचारलं, त्याच्या अंगावर काय काय होतं.

धाकट्यानं कोरा कागद आणि टोक काढलेली पेन्सिल त्याच्यापुढे सरकवली.

‘‘आता कोणतं पात्र घेणार?’’ मास्तरनं विचारलं.

‘‘थांब जरा,’’ निरीक्षक म्हणाला. ‘‘विचार करू दे.’’