मित्राला शी म्हणू नये

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांचा गांडुळावर भारी जीव, पण फळ्यावरच्या. डोळे मिटून त्याची आतडी काढून दाखवतील. 'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र' हे वाक्य तर त्यांनी इतक्या वर्गांकडून घोकून घेतलं होतं की ते स्वतः घरी झोपेतही तेच बरळायचे. खरं गांडूळ मात्र कधी बोटाने शिवलं नव्हतं. कॉलेजात चिरफाडीच्या तासाला हे महाशय वही धरून उभे. कापाकापी केली शेजारच्याने आणि आकृतीला पैकीच्या पैकी मार्क यांना!

याचं मूळ त्यांच्या आईत. सर लहानपणी मातीत बसले की आतून हाक यायची, "शी! हात धू आधी!" मुंगी? शी. बेडूक? शी. चिखलाचं तर विचारूच नका. निसर्गाचा पहिला धडा एका अक्षराचा होता, तो सरांना जन्मभर पुरला. आई अजून त्यांच्याकडेच असते आणि आवाजही तस्साच आहे.

रविवारी सकाळी बाल्कनीतल्या कुंडीत माती उकरता उकरता त्यांची लेक ठकी ओरडली, "बाबा, हा बघ तुझा मित्र!" बाबांच्या घोकंपट्टीतला शेतकरी ती विसरली होती, मित्र तेवढा लक्षात होता. वळवळणारं गांडूळ तिने थेट त्यांच्या नाकाखाली धरलं.

"शी! टाक, टाक आधी!" सर खुर्चीवर चढले. हो, चढले. एम.एस्सी.सकट.

ठकीने गांडूळ कुंडीत टाकलं, हात फ्रॉकला पुसला आणि तळहाताकडे बघत राहिली. दिवसभर ती कुंड्यांकडे फिरकली नाही. संध्याकाळी तिच्या मनगटावर मुंगी चढली, तर कालपर्यंत मुंग्यांना गोष्टी सांगणारी ही पोर किंचाळली, "शी!"

अगदी सरांच्या आईचाच सूर. घराण्याचा दागिना द्यावा तशी ती शी त्यांनी लेकीच्या गळ्यात घातली होती. 'वा रे पठ्ठ्या!' ते स्वतःलाच म्हणाले. 'लोकांच्या पोरांना मित्र शिकवलास आणि घरच्या पोरीला काय शिकवलंस?'

ते उठले आणि कुंडीपाशी बसले. आधी चमचा घेतला, पण चमच्याने मित्राचेच दोन तुकडे व्हायचे. मग नुसती बोटंच घातली. ठकी दाराआडून बघत होती.

"बाबा, ते शी आहे ना?"

"नाही गं. तुझा बाबाच येडा आहे."

तेवढ्यात बोटाला काहीतरी ओलं लागलं. शी ओठांवर तयारच होती, सरांनी ती आवंढ्यासारखी गिळली. गांडूळ तळहातावर घेतलं तर हात लटलट कापायला लागला.

"गार आहे," ते कसंबसं म्हणाले. "आणि... गुदगुल्या करतंय."

ठकी एक पाऊल पुढे आली, थांबली, मग आणखी एक आली. "अरे, किती हलतोयस! चक्कर येईल ना त्याला!" तिने आपला इवलासा हात त्यांच्या हाताखाली धरला.

तेवढ्यात आतून आई कडाडली, "काय रे, मातीत बसलायस? शी! हात धू आधी!"

सर सवयीने अर्धे उठलेसुद्धा. ठकीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"नंतर धुतो, आई," सर म्हणाले आणि परत खाली बसले.