कोऱ्या कागदाची पोच

चिहारु ओनोदेराने सोमवारी गावकचेरीतलं जुनं फॅक्सयंत्र काढलं आणि सर्व्हर बसवला. आता आलेला फॅक्स आपसूक ईमेल होऊन ज्याच्या त्याच्या टेबलावर जाणार होता. अडचण एकच होती, तिचे साहेब त्सुचियासान. बिनशिक्क्याची पोच गेली की त्यांना झोप लागत नसे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जांभयांनी अख्ख्या कचेरीला पेंग येई. म्हणून चिहारुने त्यांच्या शिक्क्याचं चित्रच प्रत्येक फॅक्सला आपोआप जाणाऱ्या पोचेवर चिकटवून टाकलं.

शुक्रवारी सगळं गाव नदीपात्रात अळकुड्यांचा रस्सा रांधायला गेलं. दोनशे माणसं, त्यांत तिची आई. चिहारु एकटी कचेरीत होती. बारा वाजून पाच मिनिटांनी भाताचा गोळा खाता खाता तिने सर्व्हरची यादी उघडली, आणि गोळा खाली ठेवला.

धरणकचेरीचा फॅक्स होता, दहा पन्नासचा. ‘वर पाऊस फार. साडेबाराला दार उघडू. पात्र रिकामं करून कळवावं.’ तो गेला होता वसंतात निवृत्त झालेल्या सुगावारांच्या पत्त्यावर. तेवढा एक पत्ता बदलायचा राहिला होता. आणि समोर नोंद होती: पोच रवाना, शिक्क्यासह.

नदीवर कुणाचाच फोन लागत नाही. सायकलने अर्धा तास. तिने धरणावर फोन लावला.

“पण ओनोदेरासान, पोच माझ्या हातात आहे, म्हणजे पात्र रिकामं झालं,” तिथले नारिता म्हणाले. “शिक्का काय झकास उमटलाय.”

“तो यंत्राने मारलाय. खाली माणसं आहेत, दोनशे.”

“असतीलही. पण तोंडी सांगण्यावरून दार थांबवलं तर वरती काय दाखवू? शिक्क्याचा कागद पाठवा.”

“शिक्का साहेबांच्या खिशात आहे. आणि साहेब नदीत आहेत.”

“मग पंचाईत आहे,” नारिता म्हणाले, आणि त्यांचाही आवाज पडला.

चिहारुने सर्व्हर उघडला. परवलीचा शब्द दोनदा चुकला. तिसऱ्यांदा आत शिरून तिने पोचेतलं ‘मिळालं, आभारी आहोत’ पुसलं आणि लिहिलं, ‘पात्रात माणसं आहेत. दार उघडू नये.’ बारा बावीस.

“नारितासान, मला फॅक्स पाठवा.”

“कसला?”

“कोरा कागद चालेल. पण आत्ता.”

फोन कानाला लावून ती पलीकडची घरघर ऐकत राहिली. तेवढ्यात तिचं वजन तीन किलो उतरलं असं गावात सांगतात, कमीच सांगतात.

“आला,” नारिता म्हणाले. “शिक्का आहे. दोनपर्यंत थांबवतो. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

ती नदीवर पोचली तेव्हा त्सुचियासान रश्श्याचा वाडगा घेऊन ऐसपैस बसले होते.

“ये गं, बस. अळकुड्या कशा लोण्यासारख्या झाल्यात.”

“उठा साहेब. पातेली उचलायला लावा सगळ्यांना.”

“का? कोण म्हणतं?”

“तुम्हीच,” चिहारु म्हणाली. “तुम्ही सकाळीच लेखी कळवलंय, की इथं कुणी नाहीये.”