कापलेले धडे

“ह्यात देव किती हाईत?” धनपालनं विचारलं.

बंडूनं तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली. महाद्वार रोडला गोणपाट अंथरून जुनी पुस्तकं विकता विकता त्याचे केस पिकले होते. पानं पुरी हैत का, कव्हर का न्हाई, कमी करा की, असं सगळं त्यानं ऐकलं होतं. देव मोजून मागणारं गिऱ्हाईक मात्र पहिलंच.

“म्हंजे?”

“पाचवीचं मराठी हाय न्हवं हे? धड्यांत देव, पाप, पुण्य, मागला जन्म, असलं किती हाय म्हणतो मी.”

“पावणं, पुस्तक घेताय का पोरगी बघताय? उघडा आन् बघा की.”

धनपालनं पुस्तक उघडलं ते थेट मधूनच. पहिल्या पानावर त्याचा विश्वास नव्हता. तो एसटीत कंडक्टर होता आणि त्या नोकरीनं त्याला एकच विद्या शिकवली होती, ती म्हणजे संशय. मिसरूड फुटलेल्या पोराला मांडीवर घेऊन हाफ तिकीट मागणारे बाप त्यानं इतके पाहिले होते, की सख्ख्या भावानं स्वतःचं वय सांगितलं असतं तरी त्यानं दाखला मागितला असता. आताही पुस्तक वाचता वाचता त्याचा एक डोळा बंडूवर होता. हा एवढ्या स्वस्तात देतोय म्हणजे कुठंतरी गोम असणार.

अंकगणित आणि विज्ञान त्यानं लगेच बाजूला काढलं. भूगोलही घेतला. डोंगर आणि नद्या कुणाला काही बोलत नाहीत. अडलं ते मराठीपाशी. मराठीच्या पुस्तकात दर दोन धड्यांआड कुणीतरी पाप करत होतं आणि त्याचं फळ भोगत होतं.

“सगळं हितंच वाचलासा तर घरी काय नेणार?” बंडू म्हणाला.

“देवाबिगर दुसरं मराठी न्हाई?”

“सरकार छापतंय एकच. त्यात देव बी सरकारीच. परवडत असंल तर त्या पलीकडच्या दुकानात इंग्रजी शाळंची पुस्तकं मिळत्यात बघा, रंगीत.”

परवडत नव्हतंच. पोरीचा, त्रिशलाचा, पाय वाढेल तसा दरवर्षी मिरजेहून नवा बूट आणि अधू पायाला आधाराची नवी लोखंडी पट्टी करून आणावी लागे आणि कंडक्टरच्या पगारातलं जे काही उरायचं ते त्या बुटात जायचं. धनपालनं मराठीचं पुस्तक घेतलं, घासाघीस केली आणि पैसे देऊनसुद्धा आपण फसलो की काय या विचारात तो उचगावला घरी आला.

त्रिशला त्याची एकुलती एक पोर. तिसऱ्या वर्षी ताप आला आणि जाताना उजवा पाय घेऊन गेला. डॉक्टर पोलिओ म्हणाले. शेजारणी वेगळंच म्हणाल्या, पण उंबऱ्याबाहेर. पोर हुशार होती, पट्टीचा खडखडाट करत चौथीपर्यंत शाळेत गेली, वर्गात पहिली-दुसरी यायची. मग एक दिवस गोष्टीच्या तासाला बाईंनी एका राजाची गोष्ट सांगितली. राजानं मागच्या जन्मी हरणाचा पाय मोडला, म्हणून या जन्मी तो पांगळा झाला. बाईंच्या मनात काही नव्हतं, त्यांनी लहानपणी ऐकलेली गोष्ट त्या सांगत होत्या. पण गोष्ट संपली आणि सगळा वर्ग वळून त्रिशलाकडं बघायला लागला.

त्रिशला घरी येऊन काही बोलली नाही. शेजारच्या नंदिनीनं, तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीनं, सगळं येऊन सांगितलं. धनपालनं दुसऱ्या दिवशी शाळेतून पोरीचं नाव काढलं.

“शाळा सोडवून काय घरात लोणचं घालणार हाय पोरीचं?” चंदना, त्याची बायको, म्हणाली होती.

“घरात शिकवीन. म्होरं बाहेरून बसता येतंय परीक्षेला, चौकशी केलीया मी. पण माझ्या पोरीच्या डोक्यात कुणी घालायचं न्हाई, की पाय तिच्या पापानं गेला म्हणून. कुणी म्हंजे कुणी न्हाई.”

हे बोलताना त्याचा आवाज चिरकला होता. चंदनानं पोरीचं दप्तर उचलून कोनाड्यात ठेवलं होतं.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. कंडक्टर पोरीला घरी शिकवणार म्हटल्यावर पुस्तकं चालून आली, तीही फुकट. दवाखान्यातल्या मिशनच्या बाईंनी गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं दिली. धनपालनं मध्येच उघडलं तर एक पांगळा श्रद्धेच्या जोरावर उठून चालायला लागला होता. म्हणजे माझ्या पोरीची श्रद्धा कमी पडली काय, असं मनात म्हणत त्यानं ती परत केली. त्याच्या स्वतःच्या जैन समाजातल्या पाठशाळेतून गठ्ठा आला. त्यात तर कर्माचा हिशेबच होता, कुठल्या कर्माला कुठलं फळ. एका मठातूनही निरोप आला होता. फुकट देणाऱ्याचा हात एकीकडं आणि डोळा दुसरीकडंच असतो, हे धनपालचं पक्कं मत होतं. त्यानं कुणाचंच काही ठेवून घेतलं नाही आणि चारी दिशांनी वाईटपणा घेतला.

गणिताला मात्र माणूस लागणारच होता. गल्लीच्या तोंडाला नृसिंह मास्तर राहायचे, निवृत्त झालेले, एकटे. ते धनपालनं देऊ केले त्याहून कमी पैशात शिकवायला तयार झाले आणि तिथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

“एवढ्या कमीत का म्हणून, मास्तर?”

“घरात भिंतींशी बोलून कंटाळलोय,” मास्तर म्हणाले. “आणि तुमच्या घरचा चहा चांगला असतो असं ऐकलंय.”

“देवाधर्माचं काय काढायचं न्हाई बरं का मधी.”

“अहो, गणितात देव फक्त उत्तर चुकल्यावर आठवतो. ती तेवढी सवलत द्या मुलीला.”

धनपाल हसला नाही. सुट्टीच्या दिवशी तो दाराआड पोत्यावर बसून सगळा तास ऐकायचा. अपूर्णांक ऐकून ऐकून त्याचं डोकं उठलं, पण मास्तर काही पकडीत सापडले नाहीत. चंदना त्याला म्हणाली, “असं चोरावाणी काय बसताय? आत जाऊन बसा की.” तर त्याला चंदनाचाच संशय आला. ही दुपारी पोरीजवळ बसून काय बोलत असते? हिची आई आली होती तेव्हा काही बोलली नाही ना? तुरीच्या डाळीत खडा शोधावा तसा तो घरातलं प्रत्येक वाक्य निवडून बघत होता.

मराठीचं पुस्तक त्यानं स्वतःकडं घेतलं. कुरुंदवाडची फेरी त्याच्याकडं असायची. तिथं गाडी थांबली की ड्रायव्हर चहाला जाई आणि हा रिकाम्या गाडीत मागच्या बाकावर बसून पाचवीचे धडे वाची. चांगला धडा असला की तसाच ठेवी. शंकेचा असला की खिशातून दाढीचं पातं काढून शिवणीलगत अलगद कापी. लहानपणापासून तो बस्तीत, त्यांच्या जैन मंदिरात, ऐकत आला होता, की पुस्तकाचा अनादर हे मोठं पाप, त्यानं पुढच्या जन्मी बुद्धीवर पडदा पडतो. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी तो कपाळाला हात लावून नमस्कार करणारा माणूस. तरी त्यानं कापलं. पडू दे पडदा, माझ्या बुद्धीवर पडू दे, एवढंच मनाशी म्हणायचा आणि पानांची घडी करून नदीत सोडून यायचा. पुस्तक बारीक होत गेलं. त्रिशलानं कधी विचारलं नाही आणि जुन्या पुस्तकाची पानं गळतातच, तिला कळायचं कारण नाही, असं तो धरून चालला. दुनियेवर संशय घेणारा हा माणूस स्वतःच्या युक्तीवर मात्र आंधळा विश्वास ठेवून होता.

थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी गाडी वेळेआधी लागली आणि तो उजेड असतानाच घरी आला. त्रिशला परसदारी पायरीवर बसली होती, पट्टी सोडून बाजूला ठेवलेली. मांडीवर मराठीचं पुस्तक होतं. चांगलं जाडजूड.

“हे कुणाचं?”

“नंदिनीचं.”

“कवापासनं हाय तुझ्याकडं?”

“ती देती वाचाय. वाचून झालं की परत देतो मी.”

“का? तुला आणलंय की पुस्तक.”

त्रिशलानं वर बघितलं. “त्यात धडे न्हाईत की सगळे. अण्णा, तुम्ही अनुक्रमणिका कापाय विसरलासा.”

धनपाल मटकन पायरीवर बसला. तोंड मात्र अजून कंडक्टरचंच होतं. “कुणी शिकवलं तुला हे? आईनं? मास्तर बोलले काय? का ती नंदिनी?”

“कुणी न्हाई.”

“खरं सांग, त्रिशला.”

“खरंच कुणी न्हाई.” ती पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. बराच वेळ मनात घोळवलेलं माणूस बोलतं तसं ती सावकाश बोलली. “बाईंनी राजाची गोष्ट सांगितली न्हवं, तवा मला काय वाटलं न्हाई. पोरं बघाय लागली तेवढं वाईट वाटलं. गोष्टीत काय बी असतंय. आपल्या पुस्तकात उंदीर बोलतोय. मग तुम्ही कापाय लागलासा. नंदिनीच्या पुस्तकात मी तुमचं कापल्यालं सगळं वाचलं. सगळ्यात पाप हाय. उंदराचा धडा तुम्ही तसाच ठेवलासा.”

“मग?”

“तो खोटा हाय म्हणून ठेवलासा. हे खरं हाय म्हणून कापलासा.”

आत चंदना भाकरी थापत होती. तो आवाज थांबला.

“अण्णा,” त्रिशला म्हणाली, “मागल्या जन्मी मी कुणाचा पाय मोडला आसंल?”

ज्या एका वाक्याच्या धास्तीनं धनपालनं शाळा सोडवली, फुकटची पुस्तकं परत केली, एका भल्या मास्तरावर दाराआडून पाळत ठेवली, ते वाक्य त्याच्याच पात्यानं पोरीच्या काळजावर कोरलं होतं. आणि खोटं हाय गं ते, असं झटकन म्हणावं तर जीभ वळेना. कारण त्याला स्वतःला ते खोटं वाटत नव्हतं. कर्म कुणाला सोडत नाही हे त्यानं आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. पाय गेल्यापासून तो मनात हेच चाचपत आला होता, की पाप कुणाचं. माझं? चंदनाचं? आणि पुढचं नाव येऊ नये म्हणून तो पानं कापत सुटला होता. त्याला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

“खरं काय ते मला ठाव न्हाई,” तो शेवटी म्हणाला. “बस्तीत सांगत्यात ते मी ऐकत आलोय. पण तुला ताप आलता ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. हात लावला तर चटका बसायचा. तू एवढीशी हुतीस. तू कुणाचा पाय मोडल्याला मी न्हाई बघितला.”

“मग कापलासा कशाला?”

“भ्यालो.”

“कशाला?”

“तू असं विचारशील म्हणून.”

त्रिशलानं लगेच मान डोलावली नाही. पोर बापावर गेली होती. ती त्याच्याकडं बघत बसली, खरं बोलतोय की समजूत काढतोय ते बघत. मग तिनं नंदिनीचं पुस्तक मधून उघडलं आणि एका पानावर बोट ठेवलं.

“ह्यो धडा वाचू? मोठ्यानं?”

तो एका पापी सावकाराचा धडा होता, शेवटी डोळे जातात त्याचे. कुरुंदवाडच्या स्टँडवर धनपालनं सगळ्यात आधी कापला होता तो हाच. नको म्हणावं असं त्याच्या ओठांवर आलं.

“वाच,” तो म्हणाला.

ती वाचू लागली. एक वाक्य वाचायची आणि मान वर करून त्याच्या तोंडाकडं बघायची. पुन्हा खाली बघून पुढचं वाक्य. पाप हा शब्द आला तेव्हा ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. धनपालनं गुडघ्यावरचे हात घट्ट धरले आणि तोंडावरची रेघ हलू दिली नाही. सावकाराचे डोळे गेले, तेव्हाही नाही.

उन्हं केव्हाच उतरली होती. त्या घरात दिवस मावळला की अन्नाला हात लावायचा नाही, ही सासूच्या सासूपासूनची रीत. चंदना ताटं वाढून दारात येऊन उभी होती. बापलेकींकडं बघत ती तशीच थांबली. अंधारून आलं तेव्हा ती आत गेली, ताटं झाकली आणि कंदील पेटवून तिनं पुस्तकाशेजारी आणून ठेवला.

“दुसरा वाचू?” त्रिशलानं विचारलं.

“वाच,” धनपाल म्हणाला.