गळ्यातला टाक

"काढ ते," डॉक्टर मुळगुंद म्हणाले आणि त्यांनी बिरप्पाच्या गळ्याकडे हात नेला.

बिरप्पाने मूठ आवळली. मुठीत काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा लहान पत्रा होता. तो खाटेवर ताठ बसला होता आणि डॉक्टरांच्या हाताकडे अशा नजरेने बघत होता, की डॉक्टरांनी आपणच हात मागे घेतला. दारातल्या पोलिसाने काठी या हातातून त्या हातात घेतली.

डॉक्टरांच्या मागे हिंदुराव आणि नरसय्या उभे होते. दोघांची डॉक्टरकीची परीक्षा झाली होती. मनाच्या आजारांचं काम शिकायला ते वर्षभर मुळगुंदांच्या हाताखाली राहिले होते. सोलापुरात हे शिकवणारं दुसरं कोणी नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला गजांच्या खिडक्या असलेल्या काही खोल्या होत्या, तोच त्यांचा वर्ग.

डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले. वार कोणता, गाव कोणतं, भाऊ किती. बिरप्पाने सगळं बरोबर सांगितलं. राज्य कुणाचं, असं विचारल्यावर त्याने दाराकडे बोट केलं.

"ह्यो उभा हाय न्हवं, त्येच्या मालकाचं."

हसावं की रागवावं ते पोलिसाला कळलं नाही. इंग्रजांनी शहरात लावलेला मार्शल लॉ उठून दोनेक वर्षं झाली होती, पण असल्या बोलण्यावर मोकळेपणी हसायची सवय अजून कुणाला परत आली नव्हती.

"आणि हे गळ्यात काय आहे?"

"बायकू."

डॉक्टर मागे वळले. "ऐकलंत? चांदीच्या पत्र्याला हा माणूस बायको म्हणतो. लिहून घ्या."

नरसय्याने लिहून घेतलं. हिंदुरावाने लिहिलं नाही.

"सर, आमच्याकडंही असंच म्हणतात. दसऱ्याला देवघरातले टाक चिंचेनं घासायला घेतले की आई म्हणते, तुझ्या आजोबांना आंघोळ घालते."

"आणि मग तुमचे वडील आजोबांना गळ्यात बांधून बाजाराला जातात?"

नरसय्या हसला. आता पोलीसही हसला. बिरप्पा हसला नाही. त्याने पहिल्यांदाच हिंदुरावाकडे नीट बघितलं.

बाहेर पडताना डॉक्टरांनी दोघांना समजावून सांगितलं, की वस्तू आपल्या जागी असली तर ती रीत असते, जागा सोडली की ते लक्षण. हे ओळखायला शिकलात तर निम्मं काम शिकलात. मग त्यांनी हिंदुरावाला बिरप्पाच्या वेडाचा दाखला लिहायला सांगितला. उद्या संध्याकाळी तो घरी आणून द्यायचा, ते सही करतील, परवा बिरप्पाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, आणि तिथून लांबच्या वेड्यांच्या इस्पितळात. तिकडे गेलेला माणूस परत आलेला हिंदुरावाने अजून बघितला नव्हता.

बिरप्पाचा भाऊ मल्लप्पा बाहेर लिंबाखाली बसला होता. डोक्याला पट्टी होती. हिंदुराव जवळ गेला तसा तो घोंगडं सावरत उठला आणि आपण होऊनच बोलू लागला. बिरप्पाची बायको मायाक्का थंडीत तापाने गेली. तिला कुंभारीच्या माळावर पुरलं. तेव्हापासून हा माळ सोडून हलायला तयार नव्हता. चारा संपला, मेंढरं वाळली, बाकीचे धनगर पुढे निघून गेले. शेवटी चार जाणत्यांनी बसून ठरवलं, की मायाक्काची धाकटी बहीण याला द्यायची. घर पुन्हा मांडलं की माणूस चालू लागतो. रिवाजाप्रमाणे मेलेलीचा टाक करून घेतला. शुक्रवार पेठेतल्या सोनाराने चांदीच्या पत्र्यावर बाईची आकृती ठोकून दिली. दुसरेपणावर येणाऱ्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात घालायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही. सुपारी फुटायच्या दिवशी टाक पाटावर पूजेला मांडला होता. बिरप्पा उठला, त्याने टाक उचलला आणि सगळ्यांदेखत आपल्याच गळ्यात बांधला. मल्लप्पाने दोरा धरून ओढला. तेव्हा बिरप्पाची काठी त्याच्या डोक्यात बसली.

"बाप्याच्या गळ्यात सवत कुनी बघितलीया का डाक्टर? गाव हसतंय की. मुलीचा बाप पाटावरनं उठून गेला." त्याने डोक्याची पट्टी चाचपली. "मला काय हौस हाय व्हय? सख्खा भाऊ हाय माजा. कुटं बरा हुत असंल तर बरा करा."

दुपारी जेवणाच्या वेळी हिंदुराव एकटाच खोलीत गेला आणि जमिनीवर बसला. बिरप्पाची भाकरी तशीच होती. टाक का घातला, हे हिंदुरावाने गावच्या भाषेत विचारलं. बिरप्पाने उलटा प्रश्न केला.

"तुमी कुटलं?"

"वैरागकडचा. शेतकऱ्याचा."

"मग तुमाला ठावं असंल." त्याने टाकावर अंगठा फिरवला. "दुसरीनं गळ्यात घातला की पयली तिची सवत हुती. मग दुसरीनं तिला रोज कुकू लावायचं, पाया पडायचं आनि भ्याचं. पोर आजारी पडलं तरी हिनंच केलं म्हनायचं. मायाक्का कुनाला भ्या दावनारी बाई न्हवती. कुत्र्याच्या पिल्लाला सुदिक ताटातलं घालायची. मेल्यावर तिला सवत करनारं ह्ये कोन? माझी बायकू कुनाची सवत न्हाय."

हिंदुरावाने दाराकडे बघितलं. मग त्याने आवाज खाली आणून सांगितलं, की परवा हाकिमापुढे तेवढा टाक कनवटीला लावा, सोडून देतील. नंतर परत घाला.

"चोरून?"

"थोडा वेळ."

"न्हाय." बिरप्पाने भाकरी जवळ ओढली. "मल्लप्पाला लागलं त्ये वाईट झालं. त्येची माफी मागंन. चारा बघून मेंढरं घेऊन जाईन, त्ये पन खरं. पर दुसरं लगीन करनार न्हाय, आनि ह्यो काडनार न्हाय. ह्याला येडा म्हनत असतील तर म्हनू द्या."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि खाऊ लागला.

संध्याकाळी नरसय्याने हिंदुरावाचा कोरा कागद बघितला आणि तो वैतागला. अरे बाबा, सही त्यांची, दाखला त्यांचा, तू मध्ये डोकं कशाला घालतोस, असं तो म्हणाला. त्याच्या घरी मागावर बसणारी पाच माणसं होती आणि तो एकटाच शिकला होता. डॉक्टरांनी हाकललं तर परत धोटा हातात येईल, हे तो रोज एकदा तरी बोलून दाखवत असे. हिंदुरावाला त्याचा राग आला नाही. आपल्या शिक्षणासाठी बापाने काय केलं, ते त्यालाही माहीत होतं. तो उशिरापर्यंत कागदापुढे बसला आणि मग जे लिहायचं ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरांच्या घरी गेला तेव्हा डॉक्टर अजून रोगी बघून आले नव्हते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाईंनी त्याला बाहेरच्या खोलीत बसवलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. काल जेवताना ह्यांनी एका धनगराची गोष्ट सांगितली, म्हणाल्या, आणि सांगता सांगता हसले. ती खरी का?

"खरी आहे, वहिनी."

"मग त्यानं का घातला, ते ह्यांनी सांगितलं नाही."

बिरप्पा जे बोलला होता, ते हिंदुरावाने जसंच्या तसं सांगितलं. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या आत गेल्या.

डॉक्टर आले. कोट खुंटीला लावून त्यांनी चष्मा पुसला आणि कागद वाचायला घेतला. वाचता वाचता त्यांची बोटं कागदावर घट्ट झाली.

"वेडाचं लक्षण नाही. दुःख आहे," त्यांनी मोठ्याने वाचलं. "दुःख कुठल्या पुस्तकात रोग म्हणून दिलं आहे, हिंदुराव?"

"कुठल्याच नाही, सर. म्हणूनच तो शब्द लिहिला."

"भावाचं डोकं फोडलं त्यानं."

"एखाद्या बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र कुणी ओढलं तर तीही हात उचलेल. मारल्याचा खटला वेगळा चालवा. तो नाही म्हणत नाही."

डॉक्टरांनी कागद टेबलावर ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की दुसरा लिहून आणा. नाहीतर उद्यापासून वॉर्डात येऊ नका, आणि वर्षभर माझ्याकडे शिकलात असं मी कुठे लिहून देणार नाही.

हिंदुराव उठला. त्याने खुर्चीची पाठ धरली.

"दुसरा लिहिणार नाही, सर."

"बरं. नरसय्या लिहील."

तेवढ्यात वच्छलाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी दोघांपुढे कप ठेवले, पण त्या आत गेल्या नाहीत. भिंतीलगतच्या खुर्चीवर बसल्या. बाहेरचं माणूस असताना त्या या खोलीत कधी बसत नसत. त्यांनी पदर जरा बाजूला केला आणि मंगळसूत्राशेजारचा बारीक गोफ बाहेर काढला. त्यात सोन्याने मढवलेला टाक होता. या घरातल्या त्या दुसऱ्या, हे हिंदुरावाला आजवर माहीत नव्हतं.

"आत जा," डॉक्टर म्हणाले.

"जाईन." त्या हलल्या नाहीत. "लग्न लागलं त्या दिवसापासून ही माझ्या गळ्यात आहे. रोज न्हाऊ घालते. कुंकू लावते. पहिलं मूल गेलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ती रागावली असेल, तिच्या पाया पड. मी पडले. तुम्ही तेव्हाही डॉक्टरच होता. उंबऱ्यात उभे होता."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या धनगराला वेडा ठरवायचं असेल तर आधी मला तपासा."

"हे रीतीचं आहे. त्याचं वेगळं आहे."

"आहे ना वेगळं. तो तिचं नाव घेतो." वच्छलाबाईंचा आवाज चढला नाही. "हिचं नाव श्राद्धाला भटजी घेतात तेवढंच. तुम्ही या घरात एकदाही घेतलेलं नाही. मी तिला गळ्यात घालून फिरायचं, तिला भ्यायचं, आणि तुम्ही तिला विसरायचं. हिंदुराव परके नाहीत. त्यांच्यासमोर घ्या."

गिरणीचा भोंगा झाला. रस्त्यावरून सुटलेल्या पाळीचे लोक बोलत जाऊ लागले. चहावर साय धरली. डॉक्टर टेबलाकडे बघत होते. हिंदुरावाला वाटलं आपण निघावं, पण तो तसाच उभा राहिला.

"यमुना," डॉक्टर म्हणाले.

मग जरा वेळाने, कुणी विचारलेलं नसताना, ते पुन्हा म्हणाले, "यमुना नाव होतं तिचं. गाता येत असे."

वच्छलाबाई उठल्या. त्यांनी गार झालेला चहा उचलला, टेबलावरचा कागद नवऱ्यापुढे सरकवला आणि आत जाता जाता म्हणाल्या,

"आता सही करा."